‘रेप्युटेशन’ का आला नाही: खुणा, करार आणि मास्टरची मालकी

२६ मे २०२५ ला लास व्हेगसमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा सोहळा होता. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचे चाहते, म्हणजे स्विफ्टी, या तारखेवर आधीपासूनच नजर ठेवून होते. त्याच्या आठवडाभर आधी ‘द हँडमेड्स टेल’ या मालिकेत तिच्या ‘लुक व्हॉट यू मेड मी डू’ची नव्यानं गायलेली आवृत्ती वाजली होती. शिवाय २६ म्हणजे तेराची दुप्पट, आणि तेरा हा बाईंचा लाडका आकडा, कारण जन्म १३ डिसेंबरचा. सगळी गणितं एकाच उत्तरावर येत होती: ज्याची दोन-अडीच वर्षं वाट बघितली तो ‘रेप्युटेशन (टेलर्स व्हर्जन)’, म्हणजे तिचाच २०१७ चा अल्बम पुन्हा गाऊन काढलेला, आज जाहीर होणार.

ती सोहळ्याला आलीच नाही. चार दिवसांनी, ३० मेला, तिनं स्वतःच्या वेबसाइटवर एक लांबलचक पत्र टाकलं. मोठी बातमी होतीच, पण वेगळीच. आपल्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, तिनं विकत घेतले होते. आणि ‘रेप्युटेशन’? त्याचा पाव हिस्सासुद्धा आपण पुन्हा रेकॉर्ड केलेला नाही, असं तिनं सरळ लिहून टाकलं.

म्हणजे लाखो लोक ज्या अल्बमच्या प्रकाशनाची तारीख काढत होते, तो अल्बम तयारच नव्हता. यावर हसून मोकळं होणं सोपं आहे. पण मला यातली खरी गंमत वेगळी वाटते. स्विफ्टींची बुद्धी कमी पडली नाही. ते कपडे, रंग आणि आकडे वाचत बसले, आणि उत्तर मात्र करारात होतं. तो करार समजला की हा अल्बम का यायचा होता आणि का आला नाही, दोन्ही एकदमच कळतं.

एका गाण्याचे दोन मालक

गाण्यावर कायद्यानं दोन वेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा: शब्द आणि चाल. दुसरा त्या रचनेच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. या मूळ ध्वनिमुद्रणाला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. कॅसेट, सीडी, स्पॉटिफाय, सगळं त्याच्या प्रतींवर चालतं.

मराठी माणसाला हा फरक समजायला ‘गीतरामायण’ पुरेसं आहे. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीतं प्रसारित झाली तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. आज घरोघरी ऐकू येतं ते बहुधा बाबूजींनी नंतर स्वतःच्या आवाजात केलेलं ध्वनिमुद्रण. रचना तीच, ध्वनिमुद्रणं दोन. आणि दोन ध्वनिमुद्रणांचे मालकही दोन असू शकतात.

स्विफ्टची अडचण नेमकी इथं होती. २००५ मध्ये, पंधरा-सोळाच्या वयात, तिनं नॅशव्हिलच्या बिग मशीन रेकॉर्ड्सशी करार केला. गाणी ती स्वतः लिहायची, एकटीनं किंवा कुणाच्या तरी साथीनं, त्यामुळे रचनेवर तिचा हक्क होता. मास्टर मात्र कंपनीचे. यात फसवणूक वगैरे काही नव्हती, नवख्या कलाकाराला बहुतेक ठिकाणी असाच करार मिळतो. स्टुडिओ, जाहिरात, वितरण यांचा खर्च आणि धोका कंपनी उचलते आणि त्या बदल्यात ध्वनिमुद्रण आपल्याकडे ठेवते. हिंदी सिनेमातल्या पार्श्वगायकांचं तर बराच काळ याहून बिकट होतं: मास्टर कंपनीचा, चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे, गायकाच्या वाट्याला त्या दिवसाचं मानधन. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी रॉयल्टीचा आग्रह धरला आणि त्यावरून रफींशी त्यांचं काही वर्षं द्वंद्वगीत गाण्यापुरतंही जमत नव्हतं, ते भांडण याच मुद्द्याचं.

सहा अल्बमचा करार संपल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये स्विफ्ट रिपब्लिक रेकॉर्ड्सकडे गेली. तिथं तिनं अट घातली की यापुढचे मास्टर माझे. जुने सहा मागेच राहिले. जून २०१९ मध्ये बिग मशीन कंपनीच विकली गेली, स्कूटर ब्रॉन या व्यवस्थापकाच्या इथाका होल्डिंग्जला, सुमारे ३० कोटी डॉलरना. ब्रॉनशी तिचं आधीपासून वाकडं होतं, त्यामुळे घाव दुहेरी बसला. २०२० मध्ये त्यानं ते सहा अल्बम शॅमरॉक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकले. शॅमरॉकनं तिला भागीदारीसाठी विचारलं. पण त्या व्यवहारानुसार कमाईतला काही वाटा पुढेही ब्रॉनकडे जाणार हे कळल्यावर तिनं नकार दिला.

स्वतःच्याच गाण्याचं कव्हर

आता तिच्या हातात काय होतं? रचना. आणि अमेरिकी कायद्यातली एक फार उपयोगी तरतूद. ध्वनिमुद्रणाचा हक्क म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची नक्कल करण्याविरुद्धचा हक्क. तेच गाणं, तसंच्या तसं, कुणी नव्यानं गाऊन-वाजवून रेकॉर्ड केलं तर जुन्या मास्टरच्या मालकाला त्यावर काही बोलता येत नाही. अगदी हुबेहूब वाटलं तरी. परवानगीचा प्रश्न येतो तो फक्त रचनेचा, आणि रचना तर तिचीच होती.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सीरिजनं जुन्या हिंदी गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटचा जो पूर आणला, त्यामागेही असाच दरवाजा होता. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातही रचना आणि ध्वनिमुद्रण वेगळी मोजली जातात. तेव्हाच्या तरतुदीनुसार मूळ ध्वनिमुद्रण निघून ठरावीक काळ लोटला की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या आवाजात काढता यायचं. लताबाईंची गाणी अनुराधा पौडवालांच्या आवाजात, मूळ कॅसेटपेक्षा स्वस्तात. २०१२ च्या दुरुस्तीनं हा काळ पाच वर्षांचा केला आणि अटी कडक केल्या. फरक इतकाच की तिथं एकाचं गाणं दुसरा गात होता. स्विफ्टनं कायद्याच्या भाषेत स्वतःच्याच गाण्यांची कव्हर व्हर्जन काढली.

कंपन्यांना ही पळवाट माहीत असते, म्हणून करारात एक कलम टाकलेलं असतं: अमुक वर्षं तुम्ही हीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये स्विफ्टनं टीव्हीवर सांगितलं की आपल्या करारानुसार पहिल्या पाच अल्बमसाठी ही बंदी नोव्हेंबर २०२० मध्ये उठते. सहावा, म्हणजे ‘रेप्युटेशन’, नोव्हेंबर २०१७ चा. त्याला आणखी थांबणं भाग होतं. चाहत्यांच्या वाट पाहण्याचं पहिलं बी इथं पडलं, आणि ते अगदी रास्त होतं.

मग एकामागून एक आले: ‘फिअरलेस’ एप्रिल २०२१, ‘रेड’ नोव्हेंबर २०२१, ‘स्पीक नाऊ’ जुलै २०२३, ‘१९८९’ ऑक्टोबर २०२३. प्रत्येकात जुनी गाणी नव्यानं गायलेली, आणि त्या काळी लिहून बाजूला राहिलेली काही गाणी, ज्यांना चाहते ‘व्हॉल्ट’मधली गाणी म्हणतात.

पण नवं ध्वनिमुद्रण निघाल्यानं जुन्याची किंमत कमी का व्हावी? हा भाग थोडा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. सिनेमात, मालिकेत किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: रचनेच्या मालकाची आणि मास्टरच्या मालकाची. याला सिंक परवाना म्हणतात आणि त्यात पैसा मोठा असतो. स्विफ्ट रचनेची मालक असल्यानं जुना मास्टर वापरायला ती नकार देऊ शकत होती, आणि देत होती. शॅमरॉककडे कोट्यवधी डॉलरची तिजोरी, पण तिची दुसरी किल्ली स्विफ्टच्या खिशात. निर्मात्याला गाणं हवंच असेल तर मार्ग एकच: टेलर्स व्हर्जन घ्या, तिथं दोन्ही परवानग्या एकाच दारात मिळतात.

स्ट्रीमिंगमध्ये असा नकार चालत नाही. तिथं श्रोता कोणतं बटण दाबतो यावर सगळं अवलंबून, आणि तिथं स्विफ्टी कामाला आले. जुन्या आवृत्त्या यादीतून काढा, नव्या घाला, मित्रांनाही सांगा. आयहार्टरेडिओ या अमेरिकेतल्या अवाढव्य रेडिओ कंपनीनं २०२१ मध्ये जाहीर केलं की आपल्या केंद्रांवर यापुढे टेलर्स व्हर्जनच वाजतील. ‘१९८९’च्या नव्या आवृत्तीची अमेरिकेतली पहिल्या आठवड्याची उलाढाल १६ लाख ५३ हजार प्रतींइतकी होती. २०१४ च्या मूळ अल्बमची होती १२ लाख ८७ हजार. जुन्या गाण्यांची नवी आवृत्ती मूळ अल्बमला पहिल्याच आठवड्यात मागे टाकते, हे या धंद्यात कुणी पाहिलं नव्हतं.

कंपन्या त्यावरून शिकल्याच. नव्या करारांत पुन्हा रेकॉर्ड करण्यावरची बंदी दहा, पंधरा, काही वेळा तीस वर्षांपर्यंत ताणली जाते आहे, अशी बातमी बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या मासिकानं २०२३ मध्ये दिली. म्हणजे या वाटेनं जाऊन ती जिंकली, आणि मागून येणाऱ्या गायकांसाठी ही वाट अरुंद झाली.

खुणांची भाषा

आता चाहत्यांच्या बाजूला येऊ. ‘रेप्युटेशन’ची वाट इतकी तीव्र का होती? एक कारण त्या अल्बमचा स्वभाव. २०१६ मध्ये रॅपर कान्ये वेस्टशी झालेल्या भांडणात लोकांनी तिला नागीण ठरवून समाजमाध्यमांवर सापांच्या इमोजींचा पाऊस पाडला. तिनं २०१७ मध्ये स्वतःची सगळी खाती कोरी केली आणि सापाचाच व्हिडिओ टाकून परत आली. काळे कपडे, सूडाचा सूर, अल्बमसाठी मुलाखती जवळजवळ नाहीतच. दुसरं कारण अधिक खोलवरचं. ज्यांनी याद्या बदलल्या, दुसऱ्यांदा रेकॉर्ड विकत घेतल्या, त्यांच्यासाठी सहापैकी चार गड सर झाले होते, दोन उरले होते. ही वाट नुसत्या गाण्यांची नव्हती, बाजू घेतलेल्या लढाईच्या शेवटाची होती.

आणि खुणा शोधायची सवय तिनंच लावलेली. २००६ च्या पहिल्या अल्बमच्या पुस्तिकेत गाण्यांच्या शब्दांत मधूनच काही अक्षरं मोठ्या लिपीत छापली होती, ती जोडली की छुपा निरोप तयार व्हायचा. पुढे व्हिडिओतल्या भिंती, नखांचे रंग, बटणांचे आकडे, सगळंच मजकूर झालं. चाहते याला ईस्टर एग म्हणतात. आणि भलत्याच आशेनं खुणा शोधत बसण्याला ते स्वतःच ‘क्लाउनिंग’ म्हणतात, हेही सांगायला हवं. जोकरची टोपी आपल्या हातानं घालून बसलेल्या माणसाला तुम्ही काय चिडवणार.

कधी कधी खुणा खऱ्या निघतात, इथंच सगळी मेख आहे. ९ ऑगस्ट २०२३: अमेरिकी पद्धतीनं तारीख लिहिली की ८/९, म्हणजे ‘१९८९’मधले शेवटचे दोन आकडे. लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियमवर त्या रात्री ती एकामागून एक निळे पोशाख घालून आली आणि शेवटी ‘१९८९’ची घोषणा केली. चाहत्यांनी आधीच ओळखलं होतं. असं एकदा झालं की पुढच्या दहा चुका माणूस सहज पचवतो.

फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमीच्या आधी तिनं प्रोफाइलचं चित्र कृष्णधवल केलं. काळं-पांढरं म्हणजे ‘रेप्युटेशन’च, असा गजर झाला. तिच्या वेबसाइटवर बिघाडाच्या संदेशासारखं काहीतरी दिसलं, त्यात अर्थहीन वाटणारी अक्षरं. ती नीट लावली की निघत होतं ‘रेड हेरिंग’, म्हणजे मुद्दाम पेरलेला चकवा. त्या रात्री तिनं खरोखरच अल्बम जाहीर केला, पण तो निघाला कोरा करकरीत ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’. खूण खरी होती, वाचन चुकीचं.

एराज दौऱ्यात, मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ च्या १४९ कार्यक्रमांत, बाकी पोशाख बदलत राहिले. ‘रेप्युटेशन’चा सापवाला पोशाख मात्र तोच. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये मायामीला तो अचानक काळा-सोनेरी झाला. चाहत्यांची त्या रात्री झोप उडाली असणार. पुढे काहीच झालं नाही.

तेराचा आकडा इतका हमखास का सापडतो, हे एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे. समजा एखाद्या घटनेत तेरा शोधायच्या वीस जागा आहेत: तारखेतल्या अंकांची बेरीज, मागच्या घोषणेपासूनचे दिवस, व्हिडिओची लांबी, दुकानातल्या वस्तूंची संख्या, वगैरे. प्रत्येक ठिकाणी तेराच्या पटीतली संख्या निघण्याची शक्यता तेरात एक धरू. तर वीसपैकी किमान एका जागी ती निघण्याची शक्यता जवळपास ८० टक्के होते. म्हणजे तेरा न सापडणं हीच दुर्मीळ गोष्ट. २६ मेला तो सापडला. खरी बातमी आली त्या ३० मेला मात्र ओढूनताणून शोधावा लागतो.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उपाशी कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे मिळत, त्यांनी काहीही केलं तरी. दाणा पडायच्या क्षणी एखादं कबुतर गिरकी घेत असेल, तर ते पुढे गिरक्याच घेत राहायचं, जणू दाणा गिरकीमुळेच येतो. त्याची मीमांसा पुढे इतरांनी वेगळी केली, पण चित्र लक्षात राहण्यासारखं आहे. मात्र स्विफ्टी आणि कबुतरं यांच्यात एक मोठा फरक आहे: इथं दाणा टाकणारी व्यक्ती गिरक्या बघत असते, आणि कधी कधी मुद्दाम गिरकीच्या वेळीच दाणा टाकते.

कामाच्या खुणा कोणत्या होत्या?

रंगांपेक्षा कंटाळवाण्या पण भरवशाच्या गोष्टी असतात. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. तिचे वर सांगितलेले सगळे नवे अल्बम शुक्रवारचेच, त्यामुळे मंगळवारच्या तारखेवर बांधलेला कुठलाही तर्क सुरुवातीलाच लंगडा. विनाइल रेकॉर्ड दाबून तयार व्हायला महिने लागतात, म्हणजे मोठ्या अल्बमची पूर्वतयारी फार आधी सुरू होते. अर्थात जुलै २०२० मध्ये तिनं ‘फोकलोर’ एक दिवसही आधी न सांगता आणला, त्यामुळे ‘काहीही होऊ शकतं’ असं म्हणणाऱ्यांना कायमचं बळ मिळालं.

सगळ्यात जास्त चुकीची वाचली गेलेली खूण मात्र मालिकांमधली गाणी. मे २०२५ मध्ये वाजलेलं ‘लुक व्हॉट यू मेड मी डू’ पहिल्यांदाच वाजत नव्हतं. त्याच गाण्याच्या नव्या आवृत्तीचा तुकडा २०२३ मध्ये ‘वाइल्डरनेस’ या मालिकेत येऊन गेला होता, आणि त्याच वर्षी ‘डेलिकेट’चाही तुकडा दुसऱ्या एका मालिकेत. चाहत्यांनी यातून काढलं की अल्बम तयार आहे. आता वरचा सिंक परवाना आठवून बघा. मालिकेला गाणं हवं होतं, जुना मास्टर शॅमरॉककडे होता, आणि त्यांना पैसे मिळू द्यायचे नव्हते. मग तेवढं एक गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं की काम झालं. त्यासाठी अख्खा अल्बम लागत नाही. माझ्या मते त्या तुकड्यांचा सरळ अर्थ हाच होता, आणि तो दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता.

तिच्या पत्रातलं कारण याहून वैयक्तिक आहे. तो अल्बम आयुष्यातल्या एका विशिष्ट काळाचा होता, पुन्हा करायला गेलं की कुठंतरी अडायला व्हायचं, आणि पहिल्या सहांपैकी हा एकच पुन्हा करून सुधारणार नाही असं वाटत होतं, अशा अर्थाचं तिनं लिहिलं. ते खरं मानायला मला अडचण नाही. पण त्याच्या जोडीला व्यवहार आहेच. पुन्हा रेकॉर्ड करणं हे दबावाचं हत्यार होतं. बातम्यांनुसार सुमारे ३६ कोटी डॉलर मोजून मास्टर, व्हिडिओ, मैफलींचे चित्रपट, मुखपृष्ठं आणि अप्रकाशित गाणी हातात आली, तेव्हा त्या हत्याराचं काम संपलं. आता जुनं ‘रेप्युटेशन’ ऐकलं तरी पैसे तिलाच. चाहत्यांनी ते लगेच ऐकलंही. मूळ अल्बम बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिल्या दहांत परत आला.

आणि त्या सगळ्या खुणा? व्हँकुव्हरला दौऱ्याच्या शेवटच्या रात्री, ८ डिसेंबर २०२४ ला, ती मंचावरून एका नारिंगी दारातून बाहेर पडली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये बारावा अल्बम जाहीर झाला, ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’, नारिंगी रंगात. ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, तो निघाला. सगळे काळ्या रंगावर नजर लावून बसलेले असताना खरी खूण बहुधा दाराला फासलेली होती.

आता उरला आहे तो सगळ्यात पहिला अल्बम. तो पूर्ण पुन्हा रेकॉर्ड झाला आहे आणि त्याचा आवाज आपल्याला फार आवडतो, असं तिनं त्याच पत्रात सांगितलं आहे. ‘रेप्युटेशन’च्या व्हॉल्टमधली गाणी आणि हा अल्बम योग्य वेळ आली तर येऊ शकतात, असंही. मूळ अल्बम २४ ऑक्टोबर २००६ चा, म्हणजे २४ ऑक्टोबर २०२६ ला वीस वर्षं पूर्ण होतात, आणि कुठल्याही स्विफ्टीला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो दिवस शनिवार आहे. पैज लावायचीच असेल तर २३ वर लावा.